वैनगंगेच्या पलीकडे : एका निवासी डॉक्टरासोबतचा प्रवास

दिवाळीनंतरचे पंधरा दिवस हा चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाण्यास उत्तम काळ होय. पाऊस ओसरलेला असतो, नाल्यांवरचे पूल पुन्हा उघडे पडलेले असतात, धानाची कापणी सुरू झालेली असते आणि पारा ४५ अंशांच्या पलीकडे नेणारा तिथला उन्हाळा अजून दूर असतो. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघे या वाटेने निघालो : एकोणऐंशी वर्षांची माझी आई, मी आणि माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. भाचा डॉक्टर आहे. एमबीबीएसनंतरचे बंधपत्रित सेवेचे वर्ष त्याने गडचिरोली जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. आता तो दूरच्या एका शहरातील रुग्णालयात फॅमिली मेडिसिन, म्हणजे कौटुंबिक वैद्यक या विषयाचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. त्याचे दुसरे वर्ष चालू आहे.

प्रवासाचे निमित्त आईचे होते. आनंदवन आणि हेमलकसा पाहण्याची तिची फार दिवसांची इच्छा होती. खरे कारण मात्र निराळे होते. भाऊबीजेच्या दिवशी भाच्याने ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकले, की हे शिक्षण मध्येच सोडून पुन्हा प्रवेशपरीक्षा द्यावी आणि क्ष-किरणशास्त्रासारखी एखादी शाखा घ्यावी असे त्याच्या मनात आहे. घरात कोणी काही बोलले नाही. सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण घरातली दुसरी डॉक्टर मीच. मी तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. पाटीवर नावापुढे एमबीबीएस एवढीच अक्षरे आहेत. मी काय सल्ला देणार होते? म्हणून म्हटले, आपण आधी गडचिरोलीला जाऊन येऊ.

वाचकहो, हा प्रवास आपणांस सांगावासा वाटतो, कारण आपल्यापैकी अनेकांची गाठ कोणत्या ना कोणत्या रुग्णालयात अशाच एखाद्या निवासी डॉक्टराशी पडते. रात्री दोन वाजता आपल्या आईची नाडी पाहणारा, सलाईन बदलायला सांगणारा, अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन पुढच्या खाटेकडे वळणारा तो तरुण किंवा ती तरुणी कोण असते, तिला काय मिळते, ती केव्हा झोपते, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते.

आनंदवन ते चंद्रपूर

नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोरा लागते आणि वरोऱ्याला लागूनच आनंदवन आहे. १९४९ साली बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत उभारण्यास आरंभ केला. आई तिथे दोन तास हळूहळू हिंडली. आपणही ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास करणार असाल, तर आमचा क्रम उपयोगी पडेल. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची, पाच मिनिटे चालायचे, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवायचे आणि पाण्याचे घोट घेत राहायचे. प्रवासात वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणी कमी पिणे किंवा लघवी वाढवणारी गोळी आपल्याच मनाने चुकवणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. त्या गोळीची वेळ बदलता येते का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

चंद्रपूर हे कोळशाचे, वीजकेंद्राचे आणि गोंडकालीन परकोटाचे शहर. मुक्कामी पोहोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. इथे २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गडचिरोलीतले २०२४ साली. ज्या प्रदेशातली मुले डॉक्टर होण्यासाठी नागपूर गाठत आणि रुग्णही नागपूरच गाठत, तिथे आता डॉक्टर घडू लागले आहेत.

रात्री जेवताना आईने नातवाला सरळ विचारले, “तुला महिन्याला हाती किती पडते रे?”

तो हसला. मग त्याने सारे नीट समजावून सांगितले आणि तेच मी आपल्यापुढे ठेवते.

‘निवासी’ डॉक्टर हा विद्यार्थीही असतो आणि कामगारही. पूर्वी तो रुग्णालयाच्या आवारातच निवास करी, म्हणून हे नाव पडले. त्याला जे मिळते त्यास पगार न म्हणता विद्यावेतन म्हणतात. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या शेवटी वर्षभर काम करणाऱ्या आंतरवासिता डॉक्टरांचे विद्यावेतन बराच काळ महिना ११ हजार रुपये होते, ते २०२४ साली १८ हजार झाले. शासकीय महाविद्यालयांतील निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनात त्याच वर्षी १० हजारांची वाढ मंजूर झाली, तीही त्यांच्या संघटनेला संपावर जावे लागल्यावर. भाचा ज्या डीएनबी अभ्यासक्रमात आहे, तो राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या अखत्यारीत येतो आणि अनेक खासगी व विश्वस्त रुग्णालयांत चालतो. मंडळाने एमबीबीएसनंतरच्या तीन वर्षांसाठी किमान विद्यावेतन ठरवून दिले ते अनुक्रमे ३५, ३७ आणि ३९ हजार रुपये. राज्य शासनाचे विद्यावेतन अधिक असेल तर तितके द्यावे अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात किती आणि केव्हा मिळेल, हे त्या त्या रुग्णालयावर अवलंबून राहते.

“केव्हा म्हणजे?” आईने विचारले.

“म्हणजे मला गेल्या तीन महिन्यांचे अजून मिळाले नाही, आजी.”

आईने ताटातली पोळी खाली ठेवली. तिचे सारे आयुष्य महिन्याच्या पहिल्या तारखेभोवती गेलेले. खोलीचे भाडे, खानावळ आणि शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता हे तिन्ही वेळच्या वेळी जातात, येणारे मात्र येत नाही, हे तिला कळायला क्षणभर लागला. त्यानंतर तिने रकमेविषयी काही विचारले नाही. “रात्री झोपायला तरी मिळते का?” एवढेच विचारले.

त्याचेही उत्तर नियमांत आणि व्यवहारात वेगवेगळे आहे. निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, असे केंद्र शासनाने १९९२ सालीच सांगून ठेवले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत वर्षाला किमान २० दिवसांची नैमित्तिक रजा, आठवड्याची सुटी आणि वाजवी कामाचे तास यांचा उल्लेख आहे. परंतु चोवीस किंवा छत्तीस तासांची ड्यूटी हा शब्दप्रयोग कोणत्याही निवासी डॉक्टराच्या तोंडी इतका सहज येतो, की त्यात काही वावगे आहे असे त्यालाही वाटेनासे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात जिच्यावर अत्याचार होऊन जिचा खून झाला, ती तरुण निवासी डॉक्टर दीर्घ ड्यूटीनंतर विश्रांतीसाठी एका चर्चासत्राच्या खोलीत पहुडली होती, हे आपण विसरू नये. आतून कडी लागेल अशी विश्रांतीची खोली ही चैन नव्हे.

पूल ओलांडल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल आणि सावलीवरून निघालो. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. दोन्ही बाजूंना पिवळे पडलेले धानाचे बांध, मध्येच साग-मोहाचे दाट पट्टे आणि वाघाच्या वावराची सूचना देणाऱ्या पाट्या. व्याहाड सोडले की वैनगंगेचा रुंद पूल येतो आणि त्यावरून पलीकडे गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ सालच्या २६ ऑगस्टला तो चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या घरात, त्यातले जवळजवळ ३९ टक्के लोक आदिवासी.

इथे येणारे तरुण डॉक्टर तीन वाटांनी येतात. पहिली वाट बंधपत्राची. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा द्यावी, असा राज्याचा नियम आहे. दुसरी वाट नव्या नियमाची. २०२० पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आवश्यक ठरले. त्या काळात विद्यावेतन चालू राहते. तिसरी वाट स्वेच्छेची. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’ या उपक्रमातून किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रामीण सेवेच्या अटीतून काहीजण येतात आणि त्यातले काही राहतात. शासकीय सेवेत असलेल्यांना दुर्गम भागातील सेवेबद्दल पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत दर वर्षामागे १० टक्के, अधिकाधिक ३० टक्के, जादा गुण मिळू शकतात. नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एक स्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा शासननिर्णयही २००२ सालचा आहे. म्हणजे शासनाने काहीच दिले नाही असे नाही. मात्र हे सारे येण्यासाठीचे आमिष आहे. राहण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे न गळणारे छप्पर, पाणी, सोबतीला दुसरा डॉक्टर, अडल्यास विचारता येईल असा ज्येष्ठ माणूस, या वेतनश्रेणीत बसत नाहीत.

भाच्याचे जुने आरोग्य केंद्र धानोऱ्याच्या बाजूला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तिथली सध्याची वैद्यकीय अधिकारी ही त्याच्यानंतरची बंधपत्रित डॉक्टर, वय पंचवीस. तिने आईला खुर्ची दिली, चहा मागवला आणि रांगेतल्या पुढच्या रुग्णाकडे वळली. तो सत्तरीचा एक शेतकरी होता. भाच्याला पाहून त्याने ‘जोहार’ केला आणि पिशवी थेट त्याच्याच पुढ्यात रिकामी केली.

पिशवीत तीन दवाखान्यांच्या तीन चिठ्ठ्या आणि नऊ प्रकारच्या गोळ्या निघाल्या. तक्रार एकच : उठून उभे राहिले की डोके गरगरते, दोनदा अंगणात पडणे झाले. भाच्याने तिथल्या डॉक्टरची परवानगी घेतली, म्हाताऱ्याला पाच मिनिटे आडवे निजवले, रक्तदाब पाहिला, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा पाहिला. वरचा आकडा १४६ वरून ११२ वर आला होता. मग दोघांनी गोळ्यांची पाकिटे उलटी करून त्यांवरची मूळ औषधांची नावे वाचली. रक्तदाबाचे एकच औषध दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू होते. शिवाय गुडघ्यासाठीची वेदनाशामक गोळी रोज, आणि लघवी वाढवणारी गोळी वेगळी. उन्हात राबणाऱ्या म्हाताऱ्या मूत्रपिंडांवर हा भार केवढा, हे डॉक्टरांना सांगायला नको. कोणते औषध थांबवायचे, कोणते ठेवायचे, रक्ततपासणी केव्हा करायची आणि पुन्हा कधी यायचे, हे त्या तरुण डॉक्टरने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले. सोबत आलेल्या सुनेकडून भाच्याने ते तोंडी म्हणवून घेतले. या साऱ्याला पंचवीस मिनिटे लागली. यंत्र लागले ते फक्त रक्तदाबाचे.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारले, “हे तू इथे असताना करायचास?”

“नाही, मावशी. इथे असताना मी त्याला चक्कर थांबायची गोळी देत होतो. ती चिठ्ठी माझीच होती, तिघांतली एक. हे मला दीड वर्षात तिकडे शिकवले.”

माझे तीन दिवस

इथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. दवाखाना सुरू केल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी ओळखीच्या घरातल्या एका आजींना मी घरी जाऊन तपासत असे. एकाएकी त्या असंबद्ध बोलू लागल्या, दिवसरात्रीचे भान जाऊ लागले. मी घरच्यांना म्हटले, वय झाले, असे होते. तीन दिवसांनी त्या बेशुद्धीकडे झुकल्या तेव्हा नागपूरला पाठवले. रक्तातले सोडियम फार खाली गेले होते आणि त्याला मीच चालू केलेली लघवीची गोळी कारणीभूत होती. त्या वाचल्या, घरी परतल्या, पुढे कित्येक वर्षे जगल्या. त्या घराने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ते तीन दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत.

म्हणून आपणां सर्वांना हात जोडून सांगते, वृद्ध माणूस दोन-चार दिवसांत अचानक गोंधळल्यासारखा वागू लागला, तर ते म्हातारपण नव्हे. संसर्ग, क्षारांची कमतरता, साखर कमी होणे, लघवी तुंबणे, मेंदूला मार किंवा नवीन औषध यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मला हे कोणी शिकवले नव्हते. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत मी खाटांवरचे आजार शिकले. घरातला माणूस शिकायचा राहून गेला. तो मी आपल्यासारख्यांवर शिकले आणि त्याची किंमत क्वचित आपणच मोजली. कौटुंबिक वैद्यकाचे तीन वर्षांचे शिक्षण यासाठीच आहे. त्यात औषधशास्त्र, बालरोग, प्रसूती, शल्यचिकित्सा, त्वचा, मानसिक आजार अशा विभागांत पाळीपाळीने काम करावे लागते, आणि नऊ गोळ्यांच्या पिशवीकडे एकत्र पाहण्याची सवय लावली जाते. अमेरिकेत या विषयाला १९६९ सालीच स्वतंत्र विशेष शाखेची मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये असे प्रशिक्षण घेतल्यावाचून जनरल प्रॅक्टिशनर होता येत नाही. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने कौटुंबिक वैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देण्याचे काम नेमून दिले आहे. जागा मात्र अजून थोड्या, आणि समाजाच्या लेखी मान त्याहूनही थोडा. “एवढे शिकून शेवटी जनरलच का?” हा प्रश्न भाच्याला विद्यावेतनाच्या उशिराइतकाच बोचतो. तो प्रश्न विचारणाऱ्यांत आम्ही घरचेही होतो.

शोधग्राम आणि हेमलकसा

त्याच सायंकाळी धानोरा मार्गावरच्या शोधग्रामला गेलो. बंग दांपत्याने १९८०च्या दशकाच्या मध्यास ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत सुरू केली. इथला दवाखाना आदिवासींना विचारून, त्यांच्या गावासारखा बांधला आहे आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले आहे. गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेता येते, हे इथल्या ३९ गावांत सिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हे आपण ऐकले असेल. ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा दुसरा अभ्यास मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. गडचिरोलीतल्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासता पक्षाघात हे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर सात मृत्यूंतला एक पक्षाघाताचा. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. जंगलातला माणूस हिवतापाने किंवा सर्पदंशानेच मरतो अशी आपली समजूत असते. तिथेही माणसे म्हातारी होतात आणि रक्तदाब न तपासला गेल्याने जातात. म्हणजे तिथेही गरज आहे ती घराजवळच्या, वर्षानुवर्षे तोच असणाऱ्या डॉक्टराची.

तिसऱ्या दिवशी चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत हेमलकशाला गेलो. आलापल्लीच्या पुढे जंगल इतके दाट होते, की आईने काच खाली करून बराच वेळ फक्त वास घेतला. २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आले. डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ होत्या. कितीतरी वर्षे वीज नव्हती आणि पावसाळ्यात जगाशी संपर्क तुटे. आजही पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या भामरागडाची वाट बंद पडल्याच्या बातम्या येतात. अशा ठिकाणी जे समोर येईल ते करावे लागले. अस्वलाने फाडलेले चेहरे शिवावे लागले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया पुस्तके वाचून शिकाव्या लागल्या.

नदीकाठी बसलो असता भाचा म्हणाला, “बघ मावशी, त्यांनीही शिक्षण मध्येच सोडले होते.”

मी म्हटले, “त्यांनी सोडले, कारण इथे डॉक्टरच नव्हता. त्यांना पुस्तकातून शस्त्रक्रिया शिकावी लागली, हा त्यांचा मोठेपणा आणि आपल्या व्यवस्थेचा उणेपणा. पन्नास वर्षांनंतरही तुझ्या पिढीने तसेच शिकावे, असे त्यांनाही वाटणार नाही.”

तिथे बसून मला एक गोष्ट पुरती पटली, ती आपणांसही सांगते. आपण तरुण डॉक्टरांच्या त्यागाचे गोडवे गातो आणि त्यातच आपले कर्तव्य संपले असे मानतो. त्याग हा ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याच्या त्यागावर हिशेब मांडायचा नसतो. ज्याचे विद्यावेतन तीन महिने थकले आहे, त्याला ‘सेवाव्रती’ म्हणणे हा सन्मान नव्हे. वेळेवर पैसे, आठवड्याची एक सुटी, कडी लागणारी खोली आणि शिकवणारा ज्येष्ठ, एवढे मिळाले तर अनेकजण राहतील. त्यांना आमटे किंवा बंग व्हावे लागणार नाही. ते साधे, चांगले घरगुती डॉक्टर होतील आणि आपल्याला हवे आहेत तेही तेच.

आपण काय करू शकतो?

निवासी डॉक्टरांचे वेतन आपण ठरवत नाही. पण त्यांच्याशी गाठ पडते तेव्हा पुढील गोष्टी आपल्या हाती असतात.

रुग्णालयात जाताना घरातली सर्व औषधे, आयुर्वेदिक चूर्णे आणि दुकानातून आपणच आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांसह, एका पिशवीत न्यावीत. चिठ्ठ्या तारखेनुसार लावाव्यात. कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला, हे कागदावर लिहून ठेवावे.

घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावे आणि इतरांना सांगावे. पाच नातलगांना तीच माहिती पाच वेळा देताना दुसऱ्या रुग्णाचा वेळ जातो. ड्यूटी बदलण्याची वेळ विचारून घ्यावी आणि नव्या डॉक्टरला महत्त्वाची गोष्ट आपण होऊन पुन्हा सांगावी. समजले नाही तर ‘पुन्हा सांगाल का?’ असे निःसंकोच विचारावे. तरुण वय पाहून ‘मोठे डॉक्टर कुठे आहेत?’ असे प्रथमच विचारू नये. शंका असेल तर ‘आपल्या वरिष्ठांशी एकदा बोलता का?’ असे म्हणता येते. त्यात अपमान नाही आणि आपला हक्कही अबाधित राहतो.

घरात नातू-नात डॉक्टर असतील, तर गुण आणि शाखा विचारण्याआधी झोप आणि जेवण विचारावे.

आणि आपण या बाजूला हिंडायला गेलात, तर रात्री मच्छरदाणीत झोपावे, सायंकाळी अंगभर कपडे घालावेत. परतल्यावर काही आठवड्यांत थंडी वाजून किंवा न वाजताही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण गडचिरोलीला गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा याच जिल्ह्यातला असतो आणि मेंदूपर्यंत जाणारा प्रकारही इथे आढळतो.

परतीच्या वाटेवर गडचिरोलीत मुक्काम केला. रात्री आईने आपली गोळ्यांची डबी नातवापुढे ठेवली आणि म्हणाली, “त्या मामांचे पाहिले तसे माझेही पाहा.” मी गेली पंधरा वर्षे आईला औषधे देते आहे. त्याने तिला आडवे निजवले, रक्तदाब पाहिला, उभे करून पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, की झोपेची गोळी हळूहळू कमी करता येईल, त्याने तिचे रात्रीचे तोल जाणे थांबेल कदाचित. ती गोळी मीच चालू केली होती. मी मान हलवली.

तो परत कामावर रुजू झाला आहे. राजीनामा दिलेला नाही; देणार नाही असेही म्हणालेला नाही. थकलेल्या तीन महिन्यांपैकी दोन महिन्यांचे पैसे जानेवारीत मिळाले. आई दर एक तारखेला त्याला फोन करते. आधी झोप विचारते, मग पैसे, आणि शेवटी आपला रक्तदाब सांगते. झोपेची गोळी आता अर्धी झाली आहे.